घरगुती कारखान्यासाठीं जुनीं हत्यारें

आमच्या एका वाचक भगिनीनें विचारिलें आहे कीं, "वाड्यांतील रिकाम्या गोठ्यांत आमचा मुलगा व पुतण्या मिळून लोखंडकामाचा एक लहानसा कारखाना घालूं पाहतात. नवीं यंत्रें घेण्याची ऐपत नाहीं. जुनीं घ्यावींत, तर थोरले भावोजी म्हणतात कीं, भंगारांत पैसा घालणें आणि विहिरींत टाकणें सारखेंच. तरी काय करावें तें सांगावें." भांडवलासाठीं बाईंनीं आपल्या पाटल्या मोडण्याची तयारी ठेविली आहे, तेव्हां चार ओळींत उत्तर देऊन मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. आमचा जन्म मुलांकडून शब्दरूपावली घोकून घेण्यांत गेला. लेथ चालविण्याचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. परंतु आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं आज हिंगणा व बुटीबोरी येथील कारखान्यांत मुख्य कारागीर आहेत. त्यांतील दोघांना बरोबर घेऊन आम्ही बाजार हिंडलों, आणि त्यांनीं जें दाखविलें तें येथें लिहितों.

भावोजींची शंका अगदींच अनाठायीं नाहीं. आमच्या नागपुरांतच तिला मोठें उदाहरण आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. आरंभीं यंत्रें घेतांना किंमतीकडे अधिक पाहिलें गेलें, आणि मालाचा दर्जा व उत्पन्न दोन्हीं मनाजोगीं उतरेनात. पुढें चांगलीं यंत्रें बसविल्यावर गिरणी भरभराटीस आली. (२००२ सालीं ती बंद पडली, आज त्या जागेवर मॉल उभा आहे.) परंतु ह्यावरून हलकें घेऊं नये एवढेंच सिद्ध होतें, जुनें घेऊं नये असें नव्हे. जुन्या लोखंडाचें सोनें करणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव प्रथम घ्यावें. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांनीं किर्लोस्करवाडीस नांगरांचें काम चालू ठेविलें.

आतां शोध कोठें घ्यावा? इतवारींतील लोहाओळीकडे बहुतेकांचे पाय आधीं वळतात, व हातहत्यारांपुरतें तें ठीक आहे. यंत्रें मात्र औद्योगिक वसाहतींतून निघतात. एखादा लहान कारखाना बंद पडतो, किंवा संगणकावर चालणारीं यंत्रें येतात आणि जुना लेथ कोपऱ्यांत जातो, तेव्हां मालकाला जागा मोकळी हवी असते. अशा वेळीं भंगारवाल्याच्या आधीं आपण पोंचलों तर उभयतांचें कल्याण होतें. कारण भंगारवाला किलोच्या भावानें घेतो आणि नगाच्या भावानें विकतो. आपण त्या दोन भावांच्या मधें कोठेंतरी बसावें. यासाठीं ओळख लागते, वर्तमानपत्रांतील जाहिरात नव्हे. सर्वांत उत्तम माल निवृत्त कारागिराच्या घरीं मिळतो. त्याचीं कानसें कापडांत गुंडाळलेलीं असतात, आणि विकतांना पैशापेक्षां आपलीं हत्यारें कोणाच्या हातीं जातात हें तो अधिक पाहतो. अशा ठिकाणीं मुलांनीं स्वतः जावें, नम्रपणें बसावें, आणि घासाघीस करूं नये.

रेल्वे व सरकारी कारखाने आपला निकामी माल लिलावानें विकतात. हे लिलाव आतां संगणकावरून होतात. १९६४ सालीं स्थापन झालेली एम्.एस्.टी.सी. ही सरकारी कंपनी त्यांतील बरेच चालविते. पण तेथें माल ढिगानें निघतो. घरगुती गरजेच्या माणसानें त्या भानगडींत न पडतां, ढीग घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे आपल्याला काय हवें तें सांगून ठेवावें. येथें एक कडक सूचना. नागपूर हें रेल्वेचें मोठें ठाणें. रेल्वेची खूण असलेलें हत्यार कोणी पावतीशिवाय अर्ध्या किंमतींत देऊं लागला, तर तें हातांत सुद्धां घेऊं नये. १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्याप्रमाणें, चोरीचा संशय येण्याजोगा रेल्वेचा माल ज्याच्याकडे सांपडेल, त्यानेंच तो रीतसर मिळविल्याचें सिद्ध करावयाचें असतें. पाटल्या मोडून तुरुंग विकत घेण्यांत काय हंशील?

पहिली खरेदी हातहत्यारांची असावी. यंत्राचा मोह मुलांना आधीं होतो, पण ज्याला कानसीनें लोखंडाचा तुकडा काटकोनांत आणतां येत नाहीं, त्याचें लेथवांचून कांहीं अडलेलें नसतें. ऐरण घेतांना तिच्यावर लहान हातोडा थोड्या उंचीवरून सोडावा. तो उसळून वर आला आणि स्वच्छ नाद निघाला तर ऐरण जिवंत. धप्प आवाज आला तर आंत तडा आहे किंवा वरचा थर मऊ पडला आहे. व्हाईस घेतांना जबडे पूर्ण मिटवून उजेडासमोर धरावे, फट दिसतां कामा नये. ओतीव लोखंडावर पितळेची पिवळी रेघ दिसली तर तो भाग एकदां मोडून सांधलेला आहे असें समजावें. जुनी झिजलेली कानस फुकट मिळाली तरी कानस म्हणून घेऊं नये. तिचें पोलाद चांगलें असल्यामुळें पटाशी किंवा सुरी करावयाची असेल तर गोष्ट वेगळी. ड्रिलचीं पातीं मात्र बोथट असलीं तरी घ्यावींत, त्यांना पुन्हां धार लावतां येते. जातां जातां संस्कृताच्या अभ्यासकांसाठीं एवढें सांगतों कीं, लोहाराचा भाता हा मूळचा 'भस्त्रा', आणि त्याचा सांडस हा 'संदंश'. सुश्रुतसंहितेंत शल्यवैद्याच्या उपकरणांतही संदंश आहेच. स्वयंपाकघरांतील सांडशी ही त्याचीच धाकटी बहीण.

आतां लेथ. वरचा गंज पाहून कित्येक गिऱ्हाईक परत फिरतात आणि रंग पाहून फसतात. गंज रॉकेलनें व घासण्यानें जातो; झीज जात नाहीं. लेथच्या बैठकीची झीज नेहमीं चकाच्या बाजूस होते, कारण बहुतेक काम तेथेंच चालतें. म्हणून हत्यार धरणारा सरकता भाग चकाजवळ आणून त्याच्या पट्ट्या घट्ट कराव्या, आणि मग तो दुसऱ्या टोंकाकडे न्यावा. वाटेंत तो अडकूं लागला तर चकाजवळची बैठक झिजलेली आहे हें नक्की. त्यानंतर चकाखालीं लाकडाचा दांडा घालून तो किंचित् उचलून पाहावा. दांडा दाबला कीं चक हलतो असें दिसलें, तर बेअरिंग गेलेलें आहे, किंवा निदान आवळावयास झालेलें आहे; दुरुस्तीचा अंदाज काढल्याशिवाय पुढें बोलूं नये. शेवटीं यंत्र चालवून एक सळई कातून घ्यावी व दोन्हीं टोंकांची जाडी मोजावी. "वीज नाहीं, पण यंत्र उत्तम आहे" असें सांगणाऱ्याला नमस्कार करावा.

आटे पाडण्यासाठीं जीं दांतेरी चाकें बदलावीं लागतात, तीं बरोबर आहेत कीं नाहींत हें मोजून घ्यावें. एकटा लेथ स्वस्तांत मिळतो, आणि मग चक, चाकें व आधार एकेक जमवितांना दुप्पट पैसा जातो. जुने विलायती लेथ इंचांच्या हिशेबाचे असतात. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, तेव्हां अशा लेथवर मिलिमीटरचे आटे कसे पाडावयाचे? येथें अंकगणित मदतीस येतें. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजेच १२७ भागिले ५. एकशें सत्तावीस ही मूळसंख्या असल्यामुळें तिचे तुकडे होत नाहींत, म्हणून बिनचूक कामासाठीं १२७ दांत्यांचेंच चाक हवें. हें एक चाक ढिगांत सांपडलें तर आधीं तें खिशांत घालावें व मग बाकीची बोलणी करावीं. देशी लेथांत हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्करचे जुने लेथ आजही कारागीर आदरानें पाहतात. तो कारखाना बंद पडला असला तरी त्याची यंत्रें अनेक ठिकाणीं चालतात.

जुन्या यंत्रांची मोटर बहुधा तीन फेजची असते, आणि घरांत एकच फेज. मोटर बदलणें किंवा एका फेजवरून तीन फेज करून देणारें विद्युत् उपकरण बसविणें, ह्यांतील एकाचा खर्च किंमतींत आधींच धरावा. वाहतुकीचाही धरावा, लेथचें वजन कित्येक शें किलो असतें, तो माडीवर चढवावयाचा नसतो. गोठ्याची जमीन पक्की आहे हें ह्या बाबतींत भाग्यच.

भावोजींची दुसरी एक तक्रार पत्राच्या शेवटीं आहे, ती अशी कीं, शिकलेल्या मुलांनीं घण मारणें आपल्या घराण्याला शोभत नाहीं. वर्धा येथून फार दूर नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत तेथें भरलेल्या शिक्षणपरिषदेनें हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागीं बसविलें, त्याला आतां ऐंशीहून अधिक वर्षें लोटलीं. ह्या तक्रारीला ह्याहून मोठें उत्तर देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

पाटल्या मात्र दोन्हीं एकदम मोडूं नयेत. एकींत हातहत्यारें, व्हाईस व लहान ड्रिल येईल. सहा महिने मुलांचें काम पाहावें, आणि मग लेथ. यंत्र येईल त्या दिवसापासून नियम दोन: डोळ्यांवर चष्मा, आणि फिरत्या चकापाशीं सैल बाही, ओढणी किंवा सदऱ्याबाहेर आलेलें जानवें असतां कामा नये. आणि मृग लागण्यापूर्वीं बैठकीवर तेलाचा हात फिरवून ती झांकावी. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून मे महिन्यापर्यंत कांहीं दिसत नाहीं, पण जुलैच्या पहिल्या आठवड्यांतच लाल डाग पडूं लागतात.