साय निघाली, तरी रेघ वाकडीच?

राहुरीकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वय सत्तावन्न. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावरची साय शस्त्रक्रियेने काढली. डॉक्टर म्हणतात, काम छान झाले. पण त्या लिहितात, "दाराची चौकट अजून मधेच वाकलेली दिसते. घरात सगळे म्हणतात, एवढा पैसा पाण्यात गेला. खरंच का हो?"

नाही ताई, इतक्यात तसे म्हणू नका.

डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो, त्याच्या मधोमध पीतबिंदू नावाचा लहानसा भाग असतो. वाचणे, शिवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही कामे त्याची. पन्नाशीनंतर काहीजणींच्या पीतबिंदूवर तलम पापुद्रा धरतो. दुधावरची साय आकसली की सुरकुतते ना, तसा तो आकसतो आणि खालच्या पडद्यालाही चुण्या पाडतो. मग सरळ रेघ वाकडी दिसते. चष्म्याचा नंबर बदलून ती सरळ होत नाही.

डोळ्यातला गर काढून आत काम करण्याची आजची पद्धत १९७० साली अमेरिकेत, मायामीला डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी सुरू केली. आता एक मिलिमीटरहूनही बारीक तीन छिद्रांतून हे काम होते. चिमुकल्या चिमट्याने पापुद्रा सोलून घेतात. पापुद्रा त्याच दिवशी जातो, चुण्या मात्र रेंगाळतात. वर्षभर पेटीत घडी घालून ठेवलेले पातळ झटकल्याबरोबर सपाट होते का? पडदा तर त्याहून नाजूक!

बहुतेकींना पहिल्या तीन महिन्यांत फरक जाणवतो. पण सुधारणा वर्षभर, कधी त्यानंतरही चालू राहते. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाकडेपणा कमी होतो, पण पुष्कळजणींचा थोडासा उरतोच. डॉक्टरांच्या तक्त्यावरची आणखी एक-दोन ओळी वाचता येतात, तरी चौकट जराशी वाकते. आधीची नजर फार खालावलेली असेल, तर नंतरची सुधारणाही बेताचीच. म्हणून शेजारणीच्या डोळ्याशी आपल्या डोळ्याची तुलना नको.

दुसरी गोष्ट मोतीबिंदूची. तो आधी काढलेला नसेल, तर पन्नाशीनंतर ही शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकींना दोनेक वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतो. नजर हळूहळू धूसर झाली की "साय परत आली" म्हणून घाबरू नका. साय परत धरते ती थोड्याजणींनाच. मोतीबिंदू काढला की बहुधा नजर पुन्हा उजळते.

धोक्याच्या खुणा वेगळ्या: डोळ्यात अचानक वीज लखलखल्यासारखे होणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेने पडदा ओढल्यासारखा अंधार, किंवा डोळा लाल होऊन ठणकणे. असे झाले तर तासाचाही उशीर नको. सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

घरच्या घरी नजर कशी पाहावी? स्विस डॉक्टर मार्क अॅम्सलर यांनी यासाठी चौकटींचा तक्ता केला. तो नसेल तर भिंतीवरचे कालनिर्णय काढा. वाचायचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाकून मधल्या तारखेवर नजर ठेवा, आणि भोवतीच्या रेघा सरळ आहेत का ते बघा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो, आणि आपल्याला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही! दर महिन्याच्या एक तारखेला बघून वहीत टिपून ठेवा.

पापुद्रा असलेल्या प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही. कामात अडचण नसेल तर डॉक्टर ठराविक काळाने ओ.सी.टी. तपासणी करत राहतात. लोणीला प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे, पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात पडद्याचे खास डॉक्टर आहेत. अहिल्यानगरहून पुण्याला जायचे म्हणजे सबंध दिवस मोडतो, तेव्हा पुढची तारीख सुनेला, मुलाला आधीच सांगून ठेवा. घरच्या कामापायी ती चुकवू नका.

आणि घरच्यांना एवढे वाचून दाखवा: हिशेब करायचाच असेल तर वर्ष पुरे झाल्यावर करू. तोवर सुई तेवढी तुम्ही ओवून द्या!