वाळलेला रंग, भाजलेला रंग

गॅरेजच्या दारातून

दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून वाशिमजवळच्या मालेगावला परत येताना पातूरच्या घाटात बॉनेटमधून धूर यायला लागला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. वायरिंग शाबूत, रेडिएटरचं पाणी जागच्या जागी. धूर निघत होता इंजिनाला सायलेन्सरशी जोडणाऱ्या मॅनिफोल्डवरून. आदल्याच दिवशी एका गॅरेजमध्ये त्याच्यावर चंदेरी रंग मारून घेतला होता. डब्यावर ‘६०० अंश’ असं ठळक छापलेलं मी स्वतः वाचलं होतं. त्या रंगाला ज्वारीच्या दाण्याएवढे फोड आले होते. गार झाल्यावर नख लावलं तर पापुद्रा सुटून खाली उघडं बीड दिसलं.

रंगात खोट नव्हती. “संध्याकाळी घेऊन जा गाडी, भाऊ. तासाभरात वाळते कलर,” असं सांगून गाडी हातात दिली होती, आणि रंग खरंच वाळलाही होता. पण वाळणं वेगळं आणि भाजणं वेगळं. कुंभाराचं मडकं उन्हात चार दिवस ठेवलं तर कडक होतं, पण त्यात पाणी ओतलं की पुन्हा चिखल. ओलसर असतानाच आव्यात घातलं तर तडकतं. सायलेन्सरच्या रंगाची गोष्ट हुबेहूब तीच आहे.

या रंगात सिलिकॉनचं रेझिन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. साध्या एनॅमलचा सांगाडा कार्बनचा, तो दीडशे-दोनशे अंशांतच करपायला लागतो. सिलिकॉन रेझिनचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. उष्णता वाढत जाते तसा त्यातला जळणारा भाग हळूहळू निघून जातो, आणि उरतो तो काचेच्या जातीचा थर, अ‍ॅल्युमिनियमला धरून लोखंडाला घट्ट बसलेला. ही घडामोड उष्णतेशिवाय होतच नाही. तोपर्यंत डिझेलचं फडकं फिरवलं तरी रंग निघून येतो. आणि आतला थिनर बाहेर पडायच्या आत एकदम घाटाची चढण दाखवली, तर त्याची वाफ फोड काढूनच बाहेर येते.

आधी निवड. भारतीय मानक आयएस १३१८३ मध्ये उष्णतारोधक अ‍ॅल्युमिनियम रंगाच्या तीन श्रेणी आहेत: पहिली ६०० अंशांपर्यंत, दुसरी ४००, तिसरी २००. दुकानात तिन्ही चंदेरीच दिसतात, म्हणून डब्यावरची श्रेणी वाचूनच पैसे द्यावेत. कुठला भाग किती तापतो हे लोखंडच सांगतं. उघड्या पाइपवर गवती पिवळा रंग चढला असेल तर तो साधारण सव्वादोनशे अंशांपर्यंत गेलेला आहे. निळा झाला असेल तर तीनशेच्या आसपास. शेपटीच्या नळीला दुसरी श्रेणी पुरते. मॅनिफोल्ड आणि त्याच्या लगतच्या पाइपला पहिलीच हवी. पेट्रोल गाडीचा धूर मॅनिफोल्डपाशी ७०० ते ९०० अंशांचा असू शकतो. तिथे जोराने चालणाऱ्या गाडीला सिरॅमिक लेपच घ्यावा. पावडर कोटिंग मात्र या कामाचं नाही. नेहमीचं पावडर कोटिंग भट्टीत पक्कं होतं तेच १८०-२०० अंशांना.

आपल्याकडे हा प्रश्न आता जास्त जाणवतो, त्याचं कारण समृद्धी महामार्ग. मालेगावची जी गाडी वाशिम-मेडशीच्या पुढे चाळीस-पन्नासच्या वेगाने जायची, ती ११ डिसेंबर २०२२ ला हा रस्ता खुला झाल्यानंतर नागपूरपर्यंत तासन्‌तास १००-१२० ने पळू लागली. सायलेन्सर तोच, रंग तोच. पण एवढा वेळ सलग तापणं त्याच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

खरी मेहनत रंगाच्या आधीची आहे, आणि घाई होते ती इथेच. तारेचा ब्रश फिरवून गंज झटकला की झालं, असं नाही. पृष्ठभाग राखाडी, खरखरीत व्हायला हवा. जमलं तर ब्लास्टिंग करून घ्यावं. मात्र नदीची वाळू मारून घेऊ नये. ती धूळ काम करणाऱ्या पोराच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही. धातूची ग्रिट वापरतात का, हे विचारा, आणि नसतील वापरत तर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन घरी बसा. एक दुपार जाईल, पण कुणाचा श्वास जाणार नाही.

मग तेल काढायचं. रॉकेल किंवा डिझेल चालणार नाही, ते स्वतःच तेलकट थर मागे ठेवतात. थिनरने, दर वेळी स्वच्छ फडकं घेऊन पुसायचं. परीक्षा सोपी आहे: वरून पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर काम झालं. अळूच्या पानावर थांबतात तसे थेंब झाले तर अजून तेल आहे. बीडाचा जुना मॅनिफोल्ड तर तेल पोटात धरून असतो. त्याला आधी एकदा चांगला तापवून ते बाहेर काढावं लागतं, मग पुन्हा पुसायचं. आणि खाली रेड ऑक्साइड प्रायमर मारायचा नाही, खड्ड्यांत लांबी भरायची नाही. ती दोन्ही आधी जळतात आणि वरचा रंग सोबत घेऊन जातात. माझ्या फोडांखालीही लाल भुकटी सापडली होती.

रंगाचे हात पातळ, दोनच. जाड हात म्हणजे फोडांना आमंत्रण. पावसाळी दमट हवेत घासलेलं लोखंड तासाभरात तांबूस व्हायला लागतं, म्हणून हे काम उन्हाळ्यात उरकावं.

त्यानंतर ताव. साधारण १२० अंशांवर अर्धा तास, मग पूर्ण गार. २०० वर अर्धा तास, पुन्हा गार. शेवटी ३१५ च्या आसपास अर्धा तास. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळावं. पहिले दोन ताव पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत देता येतात. घरातल्या ओव्हनचं नाव काढू नका, तो धूर अन्नाजवळ नको. गाडीवरच ताव द्यायचा तर इंजिन दहा मिनिटं चालवून बंद, गार झालं की वीस मिनिटं, मग पुन्हा गार. पण डिझेल इंजिन नुसतं उभं चालवून सायलेन्सर तेवढा तापत नाही. तिसऱ्या तावाला इंजिनवर भार हवाच.

नळीच्या आत रंग जाऊ देऊ नका. सिलिकॉनच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. तसंही आतल्या गंजावर बाहेरून इलाज नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी रोज फक्त बसस्टँडपर्यंत नेऊन आणली, तर ते पाणी वाफ होऊन बाहेर न पडता सायलेन्सरच्या पोटातच साचतं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा वाशिमपर्यंत फिरवून आणणं रंगाइतकंच गरजेचं आहे.

ट्रॅक्टरवाल्यांनी पेरणीच्या आधी हे काम काढावं. उभ्या सायलेन्सरचा काळा रंग पहिल्याच हंगामात जळतो आणि जून-जुलैत उघडं लोखंड पाणी पितं. तिसऱ्या तावासाठी त्यांच्याकडे रोटाव्हेटर आहे: जोडून अर्धा तास जमीन फिरवली की सायलेन्सर हवा तेवढा तापतो.

घाटातल्या त्या दिवसानंतर मी मॅनिफोल्ड पुन्हा घासून गाडी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडी तीन दिवस ठेवून घेतली. तो रंग अजून आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्या दारात एक ट्रॅक्टर उभा होता, सायलेन्सर नुकताच चंदेरी झालेला. मालकाला विसर पडू नये म्हणून मडगार्डवर त्यांनी खडूने लिहून ठेवलं होतं: ‘दोन ताव झाले. तिसरा वावरात.’