टाइमआऊट म्हणजे नकार नव्हे!

प्रोजेक्टच्या दिवसांत लॅबमध्ये एक तोडगा हमखास ऐकू येतो, 'टाइमआऊट वाढव, चालेल!' मला हे साफ नामंजूर आहे.

कॅसँड्राचंच बघा. फेसबुकने २००८ साली खुला केलेला हा डेटाबेस एकच नोंद अनेक मशीनवर ठेवतो. लोड वाढला आणि पुरेशा मशीनकडून वेळेत (मूळ सेटिंग २ सेकंद) पोच आली नाही, की 'राइट टाइमआऊट' येतो. याचा अर्थ नोंद झाली नाही असा नव्हे. झाली की नाही ते कळलं नाही, एवढंच! अशा वेळी काउंटरला आंधळेपणाने पुन्हा +१ पाठवला, तर एकाचे दोन होऊ शकतात.

मेसमध्ये पोळ्या कमी पडल्या, तर रांगेला 'अजून थांबा' सांगून पोळ्या वाढतात का? तवाच बघावा लागतो. इथला तवा म्हणजे डिस्क, जावाच्या गार्बेज कलेक्शनचा खोळंबा आणि अवाढव्य बॅच. आधी 'नोडटूल टीपीस्टॅट्स' चालवून किती राइट तुंबले, किती गळाले ते पाहा. बॅच लहान करा, कमिट लॉगला वेगळी डिस्क द्या, पाठवण्याचा वेग आवरा. तरी भागलं नाही, तर मशीन वाढवा.

आकडा बदलायला मिनिट लागतं, कारण शोधायला रात्र जाते. पण व्हायव्हात सर कारणच विचारतात!