शब्द इंग्रजी, धडा घरचा



परवा शहाड स्टेशनाबाहेर ओळखीच्या एक बाई जांभळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांचा दहावीतला मुलगा इंग्रजी वर्तमानपत्र वाचीत होता. त्याने विचारले, "काका, 'द मॉब मॅनहँडल्ड द ड्रायव्हर' म्हणजे काय हो?"

शब्द सोपा आहे. मॅन म्हणजे माणूस, हँडल म्हणजे हाताळणे. यंत्राविना, केवळ माणसांच्या बळावर जड वस्तू हलविणे हा त्याचा एक अर्थ. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर चौघांनी रेटून बाहेर काढला, तर तेही मॅनहँडल. दुसरा अर्थ धक्काबुक्की करणे, ओढाताण करणे. बातमीत बहुधा हाच असतो. वस्तूविषयी असेल तर पहिला, माणसाविषयी असेल तर दुसरा, एवढी खूणगाठ बांधावी. मालाच्या आदळआपटीला मात्र 'रफ हँडलिंग' म्हणतात.

तेवढ्यात बाईंनी पाटी उपसली. तळची जांभळे फुटून रस गळत होता. "निम्मा माल गेला, साहेब. पोरांनी फांद्या हलवून पाडला."

रफ हँडलिंग म्हणजे काय, ते मुलाला आता वेगळे सांगावे लागले नाही!

जांभळाची साल फार पातळ. फळ आपटले की साल फाटते, रस बाहेर येतो, त्यावर बुरशी धरते आणि उन्हात फळ आंबू लागते. एक फुटके फळ शेजारच्या चांगल्या फळांनाही बिघडविते. म्हणून तोडणी सकाळी गारव्यात करावी. झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे चौघांनी ताणून धरावे. फांदीवर चढू नये. जांभळाचे लाकूड ठिसूळ असते, फळापायी हातपाय मोडायचे. फुटकी फळे झाडाखालीच वेगळी काढावीत. चांगली फळे उथळ टोपलीत, खाली पाला घालून, थोडी थोडी भरावीत. धुऊन ओली भरू नयेत. टोपलीवर टोपली चढवू नये. गाडीतून उतरविताना फेकू नये, हातात द्यावी.

माणसाला धक्का दिला तर तो ओरडतो, तक्रार करतो. फळ मुकाट सोसते. त्याची तक्रार बाजारात पडलेल्या भावातून ऐकू येते, पण तेव्हा उपाय हातात राहिलेला नसतो.