परीक्षा झाल्यावर ठरलेली पात्रता

खळ्यावर शेतकऱ्याने धान्याची रास घातली आणि मग सावकार म्हणाला की, 'आजपासून आमची पायली चार शेरांची नव्हे, सहा शेरांची', तर आमचे लोक त्यास काय म्हणतील ते येथे छापण्यासारखे नाही. माप मोठे आहे ही तक्रार नव्हे. रास पडल्यावर ते बदलले, ही तक्रार होय. हाच व्यवहार शेर-पायली सोडून शेकडेवारीत केला आणि सावकाराच्या जागी विद्वानांची समिती बसविली, म्हणजे त्यास 'गुणवत्तेचे रक्षण' असे भारदस्त नाव मिळते. प्राध्यापकीच्या पात्रतेचे गुण आणि त्यावरून झालेली कोर्टकचेरी यांविषयी आम्हास आज दोन शब्द लिहावयाचे आहेत, ते याच मापाच्या संबंधाने.

हे लिहिणे कोणासाठी, तेही सांगून टाकतो. मुलुंड-भांडुपपासून घाटकोपरपर्यंत आणि तिकडे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत अशी पुष्कळ मुले-मुली आहेत, की ज्यांचा बाप गिरणीत, गोदीत किंवा पालिकेच्या कामावर राबला, आणि जी घराण्यात पहिल्यानेच एम. ए., एम. एस्सी. झाली. सकाळी सातला घाटकोपरच्या एका कॉलेजात दोन तास शिकवावयाचे, तेथून मेट्रोने अंधेरीस दुसऱ्या कॉलेजात जावयाचे, संध्याकाळी शिकवण्या घ्यावयाच्या, आणि रात्री अभ्यासिकेत जागा मिळालीच तर पुस्तक उघडावयाचे, असा त्यांचा दिवस जातो. सरकारी भाषेत या नोकरीस 'तासिका तत्त्व' म्हणतात. तास झाला तर पैसे. सुट्टी लागली की ज्याने त्याने आपली चूल आपण पेटवावी! या लोकांचे डोळे एका कायम जागेकडे लागलेले असतात, आणि त्या जागेचा दरवाजा म्हणजे 'नेट' किंवा 'सेट'ची परीक्षा.

आता हकीकत ऐका. ता. २४ जून २०१२ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने नेटची परीक्षा घेतली. त्या खेपेपासून तिसरा पेपरही पर्यायी उत्तरांचा झाला. पहिले दोन पेपर शंभर-शंभर गुणांचे आणि तिसरा दीडशेचा, मिळून ३५० गुण. जाहिरातीत प्रत्येक पेपरात निदान किती गुण हवेत ते छापले होते. सर्वसाधारण उमेदवारास ४०, ४० आणि ७५. इतर मागासवर्गीयांस ३५, ३५ आणि ६८. अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग उमेदवारांस ३५, ३५ आणि ६०. बेरीज केली तर अनुक्रमे १५५, १३८ आणि १३० होते. उमेदवारांनी हे आकडे वाचले, त्या अंदाजाने अभ्यास केला आणि पेपर लिहिले.

पुढे सप्टेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा निराळेच माप बाहेर आले. प्रत्येक पेपरातील किमान गुण तर हवेतच, शिवाय तिन्ही पेपर मिळून सर्वसाधारण उमेदवारास ६५ टक्के, इतर मागासवर्गीयांस ६० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस ५५ टक्के गुण पाहिजेत, असे ठरले. म्हणजे अनुक्रमे सुमारे २२८, २१० आणि १९३. छापील आकड्यांहून पहिल्या दोन वर्गांस सत्तरांवर आणि तिसऱ्यास साठांवर गुण जास्त! हे उमेदवारांस कळले केव्हा? उत्तरपत्रिका देऊन झाल्यावर.

ओरड झाली. एकच शेकडेवारी सर्व विषयांस लाविल्याने विषयाविषयांत अन्याय होतो, हे आयोगाच्याही ध्यानात आले. आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येक विषयातील वरच्या ७ टक्के उमेदवारांचा हिशेब धरून पुरवणी निकाल लावण्यात आला. आम्ही विचारतो, जे माप दोन महिन्यांत ठिगळ लावल्याशिवाय चालेना, ते इतके शास्त्रशुद्ध होते तरी कसे?

प्रकरण न्यायालयात गेले. केरळच्या उच्च न्यायालयाने आणि आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने उमेदवारांचे म्हणणे मान्य केले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे ता. १९ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल फिरला आणि आयोगाची सरशी झाली. कारण काय? जाहिरातीच्या सातव्या कलमात किमान गुणांच्या तक्त्याखाली एक वाक्य होते. त्याचा आशय असा की, हे किमान गुण मिळविणाऱ्यांचाच अंतिम निकालासाठी विचार होईल, आणि अंतिम पात्रतेची कसोटी आयोग निकालापूर्वी ठरवील. तेव्हा उमेदवारांस सूचना होतीच. शिवाय शिक्षणविषयक बाबतीत नियमांचा उघड भंग झाला नसेल तर न्यायालयांनी तज्ज्ञांच्या कामात हात घालू नये, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

न्यायालयाचा निकाल शिरसावंद्य आहे. कायद्याच्या अक्षराने पाहिले तर तो समजण्यासारखाही आहे. परंतु कायद्याने चालते म्हणून ते न्यायाचे होते, असे आमच्या वडिलांनी कधी मानिले नाही आणि आम्हीही मानीत नाही. गहाणखतातही बारीक अक्षरात पुष्कळ लिहिलेले असे, आणि खाली कुणब्याचा अंगठा असे. कोर्टात ते खत खरेच ठरे. म्हणून काय कुणब्याची जमीन न्यायाने गेली?

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकू. ते म्हणतात, 'पेपर सोपे गेले, छापील किमान गुणांवर लाखो लोक पास झाले असते. मग पात्रतेला किंमत ती काय राहिली? उद्या तुमच्याच मुलांना कच्चे मास्तर मिळतील.' हा मुद्दा पोकळ नाही. आमच्या मुलांना चांगले शिक्षक हवेत, आणि ते इतरांपेक्षा आम्हास अधिक हवेत. कारण ज्याच्या घरी शिकविणारे कोणी नाही, त्याची सगळी भिस्त वर्गातल्या शिक्षकावर असते. तेव्हा ६५ टक्के ठेवा, ७० ठेवा. आम्ही कसोटी सैल करा म्हणत नाही. ती आधी सांगा म्हणतो. किती लोक पास होतील याचा अंदाज परीक्षा घेणाऱ्याने अगोदर करावयाचा असतो. तो चुकला तर ती त्याची चूक. तिचा दंड उमेदवाराने का भरावा?

नियम पुढे पाहून कसा करावा, याचा दाखला आमच्याच घरात आहे. ता. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखिल्या. तो हुकूम नीट वाचावा. हुकूमाच्या तारखेपासून पुढे ज्या जागा रिकाम्या होतील त्यांना तो लागू केला. मागासलेले कोणास म्हणावे ते त्यातच सांगितले. आणि अशा नेमणुकांचे तिमाही तक्ते खातेप्रमुखांनी पाठवावे, अशीही तजवीज केली. कोणासाठी, केव्हापासून आणि हिशेब कोण देणार, या तीनही गोष्टी एका कागदावर! शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी एका संस्थानिकास जे सुचले, ते आजच्या आयोगांस आणि विद्यापीठांस सुचू नये काय?

न्यायालयांनाही हे तत्त्व परके नाही. आंध्रातील न्यायाधीशांच्या भरतीत मुलाखती उरकल्यावर मुलाखतीचे किमान गुण ठरविण्यात आले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली रद्द केले. खेळ संपल्यावर खेळाचे नियम बदलता येत नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे ता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच तत्त्व उचलून धरिले. भरती जाहिरातीपासून सुरू होते, आणि सुरुवातीस सांगितलेले निवडीचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, असे घटनापीठाने सांगितले. मात्र तेथे एक फट राहिली आहे. मूळ नियमांनी किंवा जाहिरातीनेच बदलाची मुभा ठेविली असेल तर बदल चालेल. पण तोही मनमानी असता कामा नये. वाचकहो, नेटच्या जाहिरातीतले सातवे कलम आठवा! ज्या फटीतून २०१३ साली घोडे गेले, ती फट अजून उघडीच आहे. जो कोणी जाहिरातीत 'अंतिम निर्णय आम्ही मागाहून ठरवू' एवढे एक वाक्य घालील, त्यास वाट मोकळी.

पात्रता मिळाली म्हणजे तरी सुटका होते काय? आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या उमेदवारांसाठी शंभर गुणांचा तक्ता आला. त्यात पदवीला ८० टक्के असणाऱ्यास १५ गुण, तर ४५ ते ५५ टक्क्यांत असणाऱ्यास ५. शिकविण्याच्या अनुभवास वर्षाला २, आणि जास्तीत जास्त १०. आता हिशेब करा. वीस वर्षांचा असताना रात्रपाळी करून ज्याने ५४ टक्क्यांनी बी. ए. केले, त्याच्या वाट्यास दहा गुणांची तूट आली. ती भरून काढावयास पाच वर्षांचे शिकविणे पाहिजे. आणि तासावरची नोकरी अनुभवात धरावयाची की नाही, यावरच आधी तंटा! त्याच तक्त्यात नेटला ५ गुण आणि सेटला ३. दोहोंनी पात्रता सारखीच मिळते; पण सेट ही आपल्या राज्याची परीक्षा, तिच्या प्रश्नपत्रिका अनेक विषयांत मराठीतही असतात, म्हणून मराठीतून शिकलेली आमची मुले तिच्याकडे वळतात. मराठीच्या वाटेने आलेल्यास दोन गुण कमी का, याचा खुलासा तक्त्यात नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हा सारा तक्ता मुलाखतीस कोणास बोलवावे एवढ्यापुरताच. निवड केवळ मुलाखतीतील कामगिरीवर व्हावी, असे त्या नियमावलीत लिहिले गेले. म्हणजे सतरा वर्षांचे शिक्षण, परीक्षा, प्रबंध हे सर्व दरवाजापर्यंत पोचविण्याचे भाडे! आत गेल्यावर पाटी कोरी, आणि त्या पाटीवर लिहिणारा हात कोणाचा, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आडनाव विचारून, गाव विचारून, बोलण्याची ढब पाहून माणसाची 'योग्यता' जोखण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. प्रौढ उमेदवारांच्या भरतीत मुलाखतीस जास्त वजन देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे हे खरे. परंतु तोंडी परीक्षेला अवास्तव गुण ठेवल्याने मनमानीस वाव मिळतो, हेही त्याच न्यायालयाने १९८५ साली हरियाणाच्या सरकारी नोकऱ्यांच्या खटल्यात बजाविले आहे. पुढे नियमावल्या बदलोत आणि मुलाखतीचे प्रमाण कमी-जास्त होवो. तिचे गुण कोणी, कशाबद्दल दिले हे झाकलेले आहे तोवर भीती जाणार नाही.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. पात्रतेचे आणि निवडीचे सर्व गुण जाहिरातीतच छापावे. 'मागाहून ठरवू' हे वाक्य कायद्याने बंद करावे. नेटपुरते म्हणाल तर २०१७ पासून परीक्षेस बसणाऱ्यांच्या सहा टक्क्यांस पात्रता, असा नियम आधीच ठाऊक असतो. एवढे सुधारणे शक्य आहे हे त्यावरून सिद्धच झाले. मुलाखतीस मर्यादित गुण ठेवावे, आणि प्रत्येक उमेदवाराचे गुण, बाबवार, त्याच दिवशी फळ्यावर लावावे. वर्गात प्रत्यक्ष तास घेणाऱ्याचा अनुभव, त्यास पगार किती मिळाला हे न पाहता, अनुभव म्हणून धरावा.

आता चार शब्द आपल्या माणसांस. सरकारास शिव्या देणे सोपे आहे. पण २०१२ साली ते सातवे कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचले होते? फॉर्म भरताना फीचा आकडा आपण तीनदा पाहतो, आणि नियमांची पाने न वाचताच उलटतो. हे चालावयाचे नाही. उपनगरात गणपतीच्या मंडपास वर्गणी गोळा करणारी मंडळे गल्लोगल्ली आहेत; त्यातल्या एखाद्याने वर्षातून एक रविवार जाहिरात वाचण्यासाठी द्यावा. जे प्राध्यापक होऊन स्थिरस्थावर झाले आहेत त्यांनी मागून येणाऱ्यास ती समजावून द्यावी. नापसंत झालेल्या उमेदवाराने घरी रडत न बसता २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली आपले गुण मागावे. दहा रुपयांचा अर्ज आहे. आणि नियम पटत नसेल तर परीक्षेआधी भांडावे. निकालानंतरचे भांडण वरातीमागून घोडे ठरते, हे त्या खटल्याने आपणास महाग किंमत घेऊन शिकविले आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितले की, विद्याखात्याचा पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्याचे फळ वरच्या थोड्या लोकांस. आज रयतेची मुले कलिन्याच्या विद्यानगरीत शिकून बाहेर पडतात, इतका रस्ता आपण चाललो. आता त्यांना त्याच विद्यानगरीत शिकवावयाचे आहे. त्यांची रास खळ्यावर पडली आहे. मोजणाऱ्याने खुशाल मोजावी. पण पायली आधी सर्वांस दाखवावी आणि मगच हात घालावा.