प्रकल्पवही की नोंदवही?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला, म्हणून पुढे पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला. आमच्या दिग्रसच्या मुलांना हवामानबदलाची व्याख्या तोंडपाठ असते, पण धुऱ्यावरचा तरोटा ओळखता येत नाही. प्रकल्प तर एकमेकांचे बघून उतरवलेले!

२००२ च्या जैविक विविधता कायद्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने समिती नेमावी, लोकांच्या मदतीने जैवविविधतेची नोंदवही करावी, असे आहे. माझे म्हणणे एवढेच, की मुलांना प्रकल्प म्हणून हीच नोंदवही द्या आणि गुणही तिलाच द्या. पाऊस कसा बदलला, तणनाशकाने कोणत्या रानभाज्या गेल्या, हे त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहावे. आम्ही सत्तरी ओलांडली आहे. विचारायला उशीर झाला, तर सांगणारेच उरणार नाहीत.