शंभर टक्के निकालाचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून शहरांतील चौक आणि वृत्तपत्रांतील जाहिरातींचे रकाने एकाच मजकुराने भरून जातात. ‘शाळेचा निकाल शंभर टक्के’ हा तो मजकूर. त्याखाली नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेल्या मुलामुलींची छायाचित्रे असतात, संस्थाचालकांचे अभिनंदन असते आणि पुढील वर्षाच्या प्रवेशाचे आवाहनही असते. यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, त्यांच्या शिक्षकांचेही व्हावे. याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हे शंभर टक्के नेमके कोणाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परीक्षेला बसविलेल्या विद्यार्थ्यांचे, की ज्यांना शिकविण्याची जबाबदारी शाळेने पत्करली होती त्या सर्वांचे? या दोहोंत जे अंतर पडते, तेच अनेक खाजगी शाळांचे खरे प्रगतिपुस्तक आहे.

हे अंतर कसे पडते, हे शिक्षकवर्गाला ठाऊक आहे. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर काही निवडक पालकांना शाळेतून बोलावणे येते. मुलाला दहावी झेपणार नाही, असे त्यांना सौम्य शब्दांत सांगण्यात येते. त्याने नववीतच पुन्हा बसावे, दाखला काढून दुसरी शाळा पाहावी, अथवा सतरा नंबरचा अर्ज भरावा, असे पर्याय पुढे ठेवले जातात. राज्य माध्यमिक मंडळाचा हा अर्ज वास्तविक ज्यांची शाळा परिस्थितीमुळे मध्येच सुटली, त्यांना खाजगी रीतीने परीक्षेस बसता यावे म्हणून आहे. पोटापाण्याच्या उद्योगाला लागलेल्या मुलांना आणि घरसंसारात अडकलेल्या मुलींना त्याचा मोठा आधार वाटत आला आहे. बाहेरच्यांना आत घेण्यासाठी उघडलेले हे दार काही शाळांनी आतल्यांना बाहेर काढण्यासाठी वापरावे, हे दुर्दैव होय. खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ स्वतंत्रपणे मांडते. त्यामुळे तो मुलगा उत्तीर्ण झाला काय किंवा नापास झाला काय, शाळेच्या शेकडेवारीला त्याचा स्पर्शही होत नाही.

संस्थाचालकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना राज्यात वाट मोकळी झाली. ज्या शाळा शुल्कावरच चालतात, त्यांचे प्रवेश निकालाच्या आकड्यावर अवलंबून असतात आणि प्रवेशाला येणारा पालक पहिला प्रश्न निकालाचाच विचारतो. शिक्षकांचे म्हणणे असे की, आठवीपर्यंत मुले पुढे ढकलली जातात आणि भार नववीच्या वर्गावर पडतो. या तक्रारीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये असे म्हटले; त्याचबरोबर सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाचीही जबाबदारी टाकली. आपण पहिली गोष्ट तेवढी उचलली. दुसरीचे रूपांतर आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे तक्ते भरण्यात झाले. पुढे २०१९ मध्ये कायदा दुरुस्त होऊन पाचवी व आठवीच्या परीक्षांची मुभा राज्यांना मिळाली. परंतु परीक्षा घेतल्याने मूल कोठे अडले ते कळेलच, असे नाही.

ते कळण्याचे साधन म्हणजे प्रगतिपुस्तक; आणि नेमके तेच आज मुके झाले आहे. नववीतील एखाद्या साधारण विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक उघडून पाहावे. गणितात शंभरपैकी अडतीस, इंग्रजीत एकेचाळीस आणि खाली वर्गशिक्षकांचा शेरा: ‘अधिक परिश्रमाची गरज आहे.’ सकाळची गाडी पकडण्याच्या घाईत असलेला कारकून बाप या शेऱ्याखाली सही करतो आणि मुलाला दोन शब्द सुनावून निघून जातो. बीजगणित अडले आहे की मुळात अपूर्णांकच कच्चे आहेत, मुलाला इंग्रजी वाचता येत नाही की वाचलेले लिहिता येत नाही, याचा बोध त्या सहीने ना बापाला होतो, ना मुलाला. पहिल्या सत्रात मौन पाळणारी शाळा वार्षिक परीक्षेनंतर मात्र एकाएकी स्पष्टवक्ती होते. मग त्या पालकाने हा प्रश्न विचारावा की, ‘हे तुम्हांला आज कळले, की आम्हांला आज सांगितलेत?’

आकडे किती फसवे असू शकतात, हे मंडळाच्या निकालांनीच दाखवून दिले आहे. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. भाषादी विषयांतील शाळांनी द्यावयाचे अंतर्गत गुण बंद होताच २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला. ते गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षाच रद्द झाली. नववीचे आणि दहावीचे शाळेतील गुण धरून निकाल लावण्यात आला व तो ९९.९५ टक्के लागला. एका वर्षात मुलांची बुद्धी घटली आणि पुढच्या वर्षी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. बदलले ते मोजमाप. मोजमापाबरोबर इतका हेलकावणारा आकडा जर शाळेच्या गुणवत्तेचा एकमेव पुरावा ठरत असेल, तर त्यासाठी एकाही मुलाला वर्गाबाहेर काढणे समर्थनीय ठरत नाही.

यावरचा विचार नवा नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने असे सुचविले होते की, मंडळाच्या प्रमाणपत्रात प्रत्येक विषयातील कामगिरी नमूद करावी, संपूर्ण परीक्षेत उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा शिक्का मारू नये. जे. पी. नाईक यांच्यासारखा महाराष्ट्रातील शिक्षणतज्ज्ञ त्या आयोगाचा सदस्य-सचिव होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सर्वांगीण प्रगतिपत्रकाचा पुरस्कार केला आहे. अडचण विचारांची नाही, आचरणाची आहे.

तेव्हा दोन गोष्टी ताबडतोब व्हाव्यात. शाळेने निकाल जाहीर करताना नववीच्या आरंभी पटावर किती विद्यार्थी होते आणि त्यांपैकी किती जण त्याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झाले, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत. कोणी गाव सोडून गेले असेल तर तसे नमूद करावे. पण हिशेब पुरा द्यावा. दुसरे असे की, पहिल्या सत्राच्या अखेरीस प्रत्येक विषयात मुलाला काय येते, काय येत नाही आणि त्यासाठी शाळा काय करणार आहे, हे साध्या मराठीत चार ओळींत प्रगतिपुस्तकात लिहिले जावे. साठ मुलांच्या वर्गात, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे सांभाळून शिक्षकाने हे कधी लिहावे, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच शिक्षकाला हा वेळ मिळवून देणे, हे संस्थेचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.

पालकांनीही आपला प्रश्न बदलला पाहिजे. ‘निकाल किती लागला’ असे विचारण्याऐवजी ‘नववीतून किती मुले गेली आणि ती कोठे गेली’ असे प्रवेशाच्या वेळी दहा पालकांनी विचारले, तरी फलकावरचा मजकूर बदलू लागेल. नव्वद टक्के मिळविणारा विद्यार्थी कोणत्याही शाळेत पुढे जाईलच. शाळेची खरी परीक्षा अडतीस गुण मिळविणाऱ्याच्या बाबतीत असते. आणि त्या परीक्षेला न बसणाऱ्या शाळेने आपला निकाल शंभर टक्के लागल्याचे सांगू नये.